राखाडी चौकोनामागची केंकेवाली

पडदा वर गेला की आधी दिसतो तो धूर. डाव्या हाताला मातीच्या भट्ट्या, त्यांच्यावर जाळीच्या ताटांची उतरंड, ताटांत धुरावर धरलेले मासे, तारल्या. उजव्या हाताला माझी खोली आणि दारातला बाक. मधे अंगण, दोरीवर कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे, आणि एका पालथ्या घमेल्याला टेकवून उभा केलेला माझा टॅब. भिंतीपलीकडे समुद्र आहे. तो दिसत नाही, पण त्याचा गंज आमच्या सगळ्या बिजागऱ्यांना लागलेला आहे. घानातलं सेकोंडी गाव, दुपारची वेळ, दिवे म्हणजे फक्त ऊन. पात्रं मोजकीच. एक मी, कोणे एके काळी ‘गोल्डन प्रा’ या कॉन्सर्ट पार्टीत, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत, बायकांची कामं करणारा आणि आता बाकावर बसून खोकणारा म्हातारा. दुसरी अराबा ताविया. ती धुरातून बाहेर येते, कमरेच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसते आणि माझ्या शेजारी बसते.

“कशी आहेस, अराबा?”

“उभी आहे, एग्या.”

एग्या म्हणजे बाबा. बसली असली तरी हेच उत्तर. अंगणात राहायला आली तेव्हापासून मी दुसरं ऐकलेलं नाही. जुळ्यांच्या पाठीवर जन्मली म्हणून ताविया. आमच्याकडे जुळ्यांचं कौतुक होतं आणि पाठच्या पोराला त्यांची उष्टी खेळणी मिळतात. नवरा ट्रॉलरवर गेला आणि कुठल्याशा बंदरात उतरून राहिला. मग ती आबिदजानला गेली, तिथल्या बाजारात वर्षानुवर्षं मासे तळले. आई गेल्याचा निरोप एका लॉरीवाल्याबरोबर आला, तोही वाटेत लॉरी बिघडल्यामुळे उशिरा. ती पोचली तेव्हा मांडव उतरवून खुर्च्यासुद्धा परत गेल्या होत्या. सुतकाचं लाल-काळं कापड नेसून ती रिकाम्या अंगणात उभी राहिली आणि पुढच्या आठवड्यात बहिणीच्या भट्टीवर कामाला लागली. तेव्हापासून ती धुरातच आहे. बोलते तेही डोक्यावरचं ओझं एकेक करून खाली ठेवल्यासारखं, सावकाश.

आईचा एकच फोटो तिच्याजवळ होता. काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावलेला. आमच्या किनाऱ्यावर भिंती घामेजतात. फोटो काचेला चिकटला आणि एकदा तिने काच पुसायला चौकट उघडली तर चेहरा काचेबरोबर निघून आला. कागदावर आता खुर्ची आहे, मांडीवर ठेवलेले हात आहेत, चांगलं छापील कापड आहे, आणि मानेच्या वर पांढरा डाग. तो फोटो तिने टाकलेला नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.

“एग्या, मी तिला आठवायला बसले ना, की मावशी येते,” ती मला एकदा म्हणाली होती. “मावशीचं तोंड. आईच्या कापडात मावशी. मी म्हणते, तू जा, मला आई हवी. ती जात नाही.”

तिची आई, अबा एसुओन, शामाच्या बाजारात केंके विकायची. आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात बांधून उकडलेले गोळे. सोबत तळलेला मासा आणि काळी झणझणीत शितो चटणी. आणि ही अबा एसुओन माझ्या आयुष्यात एकदाच आली, पण अशी आली की ती गोष्ट मी जन्मभर सांगत फिरलो.

शामात सिनेमाच्या पटांगणात आमचा खेळ होता. पिंपांवर फळ्या टाकून केलेला रंगमंच. मी अनाथ पोर झालो होतो, सिस्टर मेन्सिमा. ओठांना रंग, डोक्याला फडकं. सावत्र आई मला उपाशी ठेवते आणि मी पालथ्या मडक्यावर बसून गाणं म्हणत रडते, असा प्रवेश. आमचे प्रेक्षक नाटकाला नाटक म्हणून बघायचे, पण ते पोर उपाशी आहे हे त्यांना खरंच वाटायचं. कुणी नाणी फेकायचं, कुणी पाव आणून द्यायचं. त्या दिवशी अबा एसुओन आपलं पातेलं सोडून थेट रंगमंचावर चढली. माझ्या हातात पान सोडून केंके ठेवलं, वर मासा ठेवला, आणि सावत्र आईचं काम करणाऱ्या आमच्या सॅमकडे वळून तिने जी तोंडाची तोफ सोडली! सॅम संवाद विसरला. मी केंके खाल्लं. खाल्लं नसतं तर तिने मलाही सोडलं नसतं.

त्या खेळाला एक परदेशी विद्यार्थी कॅमेरा घेऊन आला होता. त्याचं पुढे काय झालं आम्हाला कळलं नाही. परवा-परवा विद्यापीठातली एक मुलगी माझ्याशी बोलायला आली, जुन्या कॉन्सर्ट पार्ट्यांवर काही लिहीत होती. तिने सांगितलं की त्या माणसाने ते सगळं चित्रण फार पूर्वी इंटरनेटवर चढवून ठेवलंय. माझ्या टॅबवर तिने ते पान काढून दिलं. खाली एक ओळ होती: ‘शामा. प्रेक्षकांतली बाई अनाथ मुलीला जेवण आणून देते.’ आणि ओळीच्या वर, जिथे व्हिडिओ असायला हवा, तिथे एक राखाडी चौकोन.

मुलीला परतीचा ट्रोट्रो, आमच्याकडची वडाप गाडी, पकडायचा होता. ती गेली. मी अराबाला हाक मारली.

तिने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग चौकोनावर बोट ठेवलं.

“आई याच्या आत आहे?”

“आहे.”

“मग उघडा.”

उघडत नव्हता. टॅब माझ्या मुलाने हॅम्बुर्गहून पाठवलेला, नातवंडांची तोंडं बघायला. त्याच्यासोबत आलेल्या ब्राउझरवर चौकोनाला हात लावला की एक तुटकी आकृती यायची आणि खाली लिहून यायचं की हा व्हिडिओ चालवायला जे लागतं ते या यंत्रात नाही. मुलाला विचारलं. तो ट्रक चालवतो, त्याला यातलं माझ्याइतकंच कळतं. म्हणाला, “पापा, माझ्या फोनवरही राखाडीच दिसतंय.” पूर्वी बाजारात कॉम्प्युटरचं कॅफे होतं, तिथे आता बायका केस विणून घेतात.

मग मी दुसरा ब्राउझर उतरवून घेतला. ‘जुने-नवे सगळे व्हिडिओ चालतात’ अशी त्याची जाहिरात होती. त्याने आधी माझी जन्मतारीख विचारली, मग लॉटरी लागल्याचं सांगितलं, मग पडदाभर अर्धवट कपड्यातल्या पोरी आणल्या.

“सिस्टर,” अराबा म्हणाली. चिडवायचं असलं की ती मला सिस्टर म्हणते. “या तुमच्या पार्टीतल्या का?”

“आमच्या पार्टीत सगळे मिशीवाले होते.”

“मग बंद करा. माझी आई असल्या घोळक्यात सापडली तर मला बडवेल.”

तिसरा ब्राउझर गंभीर होता, पांढराशुभ्र, जाहिरात नाही काही नाही. त्याने नम्रपणे सांगितलं की हा फॉरमॅट आता वापरात नाही. अराबाने विचारलं काय म्हणतो. मी सांगितलं. ती म्हणाली, “वापरात तर मीही नाही,” आणि उठून भट्टीकडे गेली.

असं बरेच दिवस चाललं. ती संध्याकाळी विचारायची, “आज?” मी मान हलवायचो. विचारताना तिच्या आवाजात आशा नसायची, पण ती विचारायची. एक दिवस तिने विचारलंच नाही. मला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन शेजारच्या ताकोराडीला गेलो, एबोच्या दुकानात.

एबो मोबाइल दुरुस्त करतो. दुकान म्हणजे एक खोका, त्यात एबो कसाबसा मावतो. पोट त्याने काउंटरवर ठेवलेलं असतं. बोलतो मात्र सभेत बोलल्यासारखा.

“आंटी, तुम्हाला काय बघायचंय? मेलेला फॉरमॅट! टॅबवाल्यांनी त्याला घरात घेतलंच नाही, आणि आता तर कॉम्प्युटरवालेही त्याला हाकलायला निघालेत. उद्या कुणी तुमच्या दारात ट्रोट्रोऐवजी वाफेचं इंजिन आणून—”

“एबो,” अराबा म्हणाली, “मी उभी आहे.”

“बसा की, आंटी!”

“बसायला जागा कुठंय? तू आहेस ना.”

एबो हसला आणि कामाला लागला. एक ब्राउझर बिघडला, दुसरा उघडेना, एकदा टॅबच बंद पडला आणि एबोने शिव्या देऊन तो परत चालू केला. शेवटी दोन ब्राउझर उरले. पहिला जुना होता, एबोच्या मेमरी कार्डात पडून होता. त्याच्या पोटातच जुने व्हिडिओ चालवणारी कळ बसवलेली. एबोने चौकोनाला हात लावला आणि चौकोन काळा झाला, पण आवाज आला. गिटारचा आवाज. आमच्या क्वेसीची गिटार! क्वेसीला जाऊन किती वर्षं झाली. मागोमाग एक बाई गायला लागली, गोड, कोवळ्या गळ्याची.

“ही कोण?” एबोने विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

त्या खोक्यापुढे मी टोपी काढून उभा होतो. माझ्या आजच्या आवाजात आता फक्त कोंबडे आरवतात. अराबाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

चित्र काही केल्या येईना. काळ्या चौकोनात नुसता खेळ ऐकू येत होता. एबोने तो थांबवला आणि दुसऱ्या ब्राउझरची गोष्ट सांगितली.

“याची तऱ्हा वेगळी आहे. हा पान टॅबमध्ये उघडतच नाही. तिकडे, परदेशात, एक मोठं यंत्र आहे. पान तिकडे उघडतं, व्हिडिओ तिकडे चालतो, आणि हा तिथलं चित्र आपल्याकडे धाडत राहतो.”

“म्हणजे कुणीतरी तिकडे बघतो आणि इकडे येऊन सांगतो,” अराबा म्हणाली. “चहाडीसारखं.”

“अगदी तसंच! चित्र येईल. पण आपलं नेट असं, की आवाजाचे तुकडे होतील. तुकडे म्हणजे, काही कळणार नाही.”

“दोन्ही घालून दे,” मी म्हणालो.

“पापा, टॅब भरलाय. एकाचीच जागा आहे. हे फोटो पुसा, मग दुसराही बसेल.” त्याने फोटो उघडून दाखवले. माझी नातवंडं: बर्फात, सायकलवर, केकमागे.

“पूस थोडे,” मी म्हणालो. खरंच म्हणालो.

“नाही,” अराबाने टॅबवर हात आडवा धरला. “पोरांची तोंडं पुसायची नाहीत. पुसलेलं तोंड घरात असलं की काय होतं, मला माहीत आहे. एकच घाल.”

“मग कुठला, आंटी? आवाजाचा की चित्राचा?”

आता बघा, अख्खं आयुष्य मी रंगमंचावर काढलं. पात्र निवड करतं ते क्षण मला वासावरून कळतात. बाजूला ट्रोट्रोची पोरं गिऱ्हाइकांसाठी ‘केप, केप, केप’ ओरडत होती, कुणीतरी बर्फाचं पाणी विकत होतं, आणि अराबा ताविया त्या खोक्यापुढे उभी राहून विचार करत होती.

“चित्राचा,” ती म्हणाली. “आवाज माझ्याजवळ आहे. भट्टीवर पोरींना ओरडते तो माझा थोडाच आहे? तोंड तेवढं नाही.”

मंगळवारी आमचे कोळी समुद्रावर जात नाहीत. समुद्राच्या देवाचा दिवस. त्यामुळे त्या दिवशी नवे मासे येत नाहीत, भट्टीवर आदल्या दिवशीचे मासे मंद आचेवर असतात, आणि अराबाला अर्धीमुर्धी दुपार मिळते. शिवाय ती जन्मली मंगळवारी, अराबा नाव त्याचंच. तिने अंघोळ केली. ठेवणीतलं छापील कापड नेसली, दुसरं डोक्याला गुंडाळलं. मी म्हणालो, “एवढी नटलीस?” तर म्हणाली, “ती मला बघणार नाही, माहीत आहे. तरी.”

घमेल्याला टॅब टेकवला. आम्ही बाक पुढे ओढून बसलो. टॅबची एक खोड आहे, मधेमधे हात लावला नाही की तो विझतो. म्हणून माझं एक बोट कायम त्याच्या कडेला.

चौकोनात एक गोल फिरत राहिला. मग राखाडी रंग हलला आणि त्यातून पटांगण वर आलं. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, रंग शेवाळी, आणि दर थोड्या वेळाने सगळे जण जागच्या जागी गोठायचे. पण ते आम्हीच होतो. क्वेसी, सॅम, ढोलवाला. मी मडक्यावर बसून रडत होतो, आणि सांगायला हरकत नाही, फार चांगला रडत होतो.

“कधी येते?” अराबाने विचारलं.

“थांब. दुसऱ्या कडव्यानंतर.”

ती आली. चौकोनाच्या खालच्या बाजूने एक डोकं वर आलं, मग खांदे, मग अख्खी बाई. फळीला हात टेकून ती रंगमंचावर चढली. आणि तेव्हा मला ती गोष्ट कळली, जी मला, नाटकवाल्याला, पहिल्या दिवशीच कळायला हवी होती. कॅमेरा प्रेक्षकांत होता. प्रेक्षकांतून जी बाई वर चढते तिची पाठ प्रेक्षकांना असते.

अबा एसुओन आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिने वाकून केंके सोडलं, पाठमोरीच. मासा ठेवला, पाठमोरीच. सॅमकडे हात नाचवून बोलली, तेव्हाही पाठच. तिच्या पलीकडे माझं तोंड स्पष्ट दिसत होतं, रंग ओघळलेलं, तिच्याकडे वर बघणारं. त्या सगळ्या पटांगणात तिचं तोंड मी आणि सॅमनेच बघितलं, आणि सॅम आता नाही.

“आता वळेल,” मी म्हणालो. “उतरताना वळावंच लागेल.”

ती वळली. आणि त्याच क्षणी अख्खं पटांगण उठलं. टाळ्या, आणि पांढरे रुमाल. आमच्याकडे खूश झाले की लोक रुमाल फडकवतात. कॅमेऱ्यापुढे रुमालच रुमाल. चौकोन पांढरा झाला. रुमाल खाली आले तेव्हा रंगमंचावर मी एकटाच केंके खात होतो.

मी अराबाकडे बघितलं नाही. टॅब विझायला लागला तसा बोट लावत राहिलो.

मग मी म्हणालो, “अराबा, मी तिला बघितलंय. जवळून. मला तोंडं लक्षात राहतात, माझा धंदाच तो. करून दाखवू का?”

“नको, एग्या.”

“एकदा बघ तरी.”

“तुम्ही केलंत की सिस्टर मेन्सिमा दिसेल. आयुष्यभर तुम्ही सगळ्या बायकांना एकच तोंड दिलंत.”

हे खरं होतं. समीक्षकांनीही मला इतकं नेमकं कधी धरलं नव्हतं. वाटलं, आता ती उठेल, कापड सोडून जुनं नेसेल, आणि उद्यापासून परत ‘उभी आहे’.

पण ती म्हणाली, “परत लावा.”

परत लावला. परत डोकं, खांदे, पाठ. तिने हात वर केला. “इथं थांबवा.”

थांबवलं. अबा एसुओन केंके ठेवायला वाकली होती. कमरेला पोर पाठीशी बांधायचं दुसरं कापड घट्ट बांधलेलं, रिकामं, पोर नसलेलं. त्या वयातल्या बाईच्या पाठीवर पोर कुठून असणार? पण कापड बांधलेलं होतं, जुनी सवय. उजव्या बाजूने जरा वर खेचून खोचलेलं.

अराबा टॅबच्या इतकी जवळ गेली की तिचा श्वास काचेवर उमटला.

“मावशी डावीकडे खोचते,” ती म्हणाली. “मावशी नाही ही.”

“नाही. ही तुझी आईच.”

“जुळी होती ना आधी. दोघं चालायला लागली, हात धरायला दोन्ही बाजूंनी. मी मागे, पाठीवर. बाजारात, विहिरीवर, चर्चमधे, सगळीकडे मागे. मोठी घोडी झाले तरी उतरवली नाही मला, लोक हसायचे. ती केंके विकायची आणि मी मागून मानेचा घाम मोजायचे.” तिने करंगळी त्या तिकिटाएवढ्या चित्रावर, कापड वर खेचलं होतं तिथे ठेवली. “हे बघा. हे असं का वर आहे? इथून माझा पाय बाहेर यायचा. उजवा. आवळलं की मी रडायचे, म्हणून ती इथं सैल सोडायची. मी उतरले, तरी तशीच बांधते.”

माझ्या तोंडात केंकेची आंबट चव आली होती, त्या दिवसाची.

“तोंड तुम्हाला दाखवलं तिने,” अराबा म्हणाली. “तुम्ही उपाशी होता.”

“मी उपाशी नव्हतो, अराबा. नाटक होतं ते.”

“तिला काय माहीत?” ती पहिल्यांदा हसली, दमल्यासारखी, एका बाजूने. “आणि मला कशाला दाखवेल? मी कधी समोर होते?”

भट्टीकडून करपट वास आला. तिने तिकडे मान वळवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. नवं कापड वर खोचलं, धुराच्या दिशेने चार पावलं गेली. टॅबची काच अंधारायला लागली होती. माझं बोट विसरलं होतं. ती थांबली, मागे वळून माझ्याकडे बघितलं.

“हात लावत राहा, एग्या, विझू देऊ नका. मी तारल्या उलटून येते.”